कंद लावताना पट्टी हाताशी हवी

पिशवीवर परदेशातल्या बागेचे रंगीत चित्र असते. लाल, पिवळ्या, जांभळ्या ट्यूलिपच्या ओळी आणि मागे पवनचक्की. आत मात्र कांद्यासारखे दिसणारे दहा तपकिरी गड्डे. घरात कौतुक होते, शेजारणीला दाखवून होतात. मग रविवारी सकाळी चहा झाला की गृहस्वामी खुरपे घेऊन अंगणात उतरतात, मातीत चार बोटे उकरतात, गड्डा ठेवतात, वर माती लोटतात आणि झारीभर पाणी घालतात. पुढे रोज झारीभर. महिना झाला तरी काही उगवत नाही म्हणून घरातले कोणीतरी उकरून पाहते, तर हाताला मऊ, कुजलेला, वास मारणारा गोळा लागतो. नाहीतर पाने येतात, चांगली रुंद हिरवीगार येतात आणि फुलाचा पत्ताच नसतो. मग सगळे खापर विकणाऱ्याच्या डोक्यावर फुटते.

विकणारा कधीकधी दोषी असतोही. पण बऱ्याचदा चूक त्या रविवार सकाळच्या चार बोटांत असते.

ट्यूलिप, डॅफोडिल, हायसिंथ यांचा चांगला वाढलेला कंद लागवडीच्या सुमारास सुरीने उभा चिरला, तर आत थरांच्या मधोमध एक इवलीशी कळी दिसते. उन्हाळ्यात कंद कोरडा पडलेला असतो त्याच काळात ती तयार झालेली असते. म्हणजे वसंतात उमलणारे फूल कंदाबरोबरच विकत घेतलेले असते. बी पेरणाऱ्याला रोप वाढवायचे असते. कंद लावणाऱ्याचे काम वेगळे आहे. आत जे आहे ते न बिघडवता बाहेर येऊ द्यायचे. म्हणून इथे खतापेक्षा खोलीला जास्त महत्त्व आहे.

खोलीचा ठोकताळा सोपा आहे. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल खड्डा. पण यात एक गोंधळ हमखास होतो. कोणी ही खोली कंदाच्या शेंड्यापासून मोजतो, कोणी बुडापासून. तिप्पट म्हटले की ती खड्ड्याच्या तळापर्यंतची, म्हणजे कंदाचे बूड जिथे टेकते तिथपर्यंतची धरावी. पाच सेंटिमीटर उंचीचा कंद असेल तर खड्डा पंधरा सेंटिमीटर आणि कंदाच्या डोक्यावर दहा सेंटिमीटर माती. आणखी एक. नुकतीच खणलेली माती फुगलेली असते. दोन पाण्यांनंतर ती बसते आणि पंधराचे बारा झालेले असतात. तेव्हा मोजमाप माती हाताने हलकेच दाबून घेऊन मगच करावे. शाळेच्या दप्तरातली पट्टी या कामाला उत्तम, फक्त ती नंतर धुऊन परत दप्तरात जायला हवी.

उथळ लावले तर काय बिघडते? वरची माती दुपारी तापते आणि रात्री गार पडते, आणि हा चढउतार कंदाला मानवत नाही. फुलाचा दांडा वर आला की त्याला बुडाशी आधार राहत नाही, वाऱ्याने तो आडवा होतो. आणि ट्यूलिपसारखा कंद उथळ जागी लवकर फुटून त्याची पाच-सहा बारकी पिल्ले होतात. पिल्लांच्या अंगात फूल देण्याइतकी ताकद नसते, म्हणून दुसऱ्या वर्षी नुसती पाने. फार खोल लावले तर उलटे. कंदाचा साठा वर येण्यातच संपतो, आणि जमीन भारी असेल तर तळाशी साचलेल्या पाण्यात तो कुजतो. या दोन्हींत उथळपणा थोडा तरी निभावतो, कारण क्रोकस किंवा ग्लॅडिओलससारखे काही कंद आपली खास मुळे आखडून घेऊन स्वतःला हळूहळू खाली ओढतात. पण खाली गेलेल्या कंदाला वर येण्याची सोय निसर्गाने केलेली नाही.

आता प्रत्यक्ष कोणता कंद किती खोल ते पाहू. ट्यूलिप आणि मोठे डॅफोडिल यांना पंधरा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या फुटाचा खड्डा. हायसिंथला बारा ते पंधरा. द्राक्षाच्या घोसासारखी निळी फुले येणारे मस्कारी आणि वसंती क्रोकस यांचे गड्डे लहान, त्यांना आठ-नऊ पुरतात. फ्रीजियाला पाच. रॅनन्क्युलस आणि अ‍ॅनिमोन यांनाही पाचच, पण त्यांना आधी तीन-चार तास पाण्यात भिजवून घ्यावे लागते, कारण ते सुकून अगदी खडखडीत झालेले असतात. रॅनन्क्युलसचा गड्डा कोंबडीच्या पंज्यासारखा दिसतो. ती नखे खाली करून लावायची. अ‍ॅनिमोनची वरची बाजू कोणती हे जाणकारालाही पटकन सांगता येत नाही, म्हणून तो सरळ आडवा ठेवावा. कोंब आपली वाट शोधतो. ग्लॅडिओलसला आठ ते दहा सेंटिमीटर. हलक्या मातीत थोडे जास्तच, कारण त्याचा तुरा जड असतो.

हे सगळे आकडे चांगल्या निचऱ्याच्या जमिनीचे. महाराष्ट्र, माळवा, विदर्भ या भागांतल्या काळ्या मातीचे गणित वेगळे आहे. तिथे आधी एक परीक्षा करावी. अर्धा फूट खड्डा खणून तो पाण्याने काठोकाठ भरावा आणि आपल्या कामाला लागावे. दोन-तीन तासांनी पाणी जिरलेले असले तर हरकत नाही. तसेच उभे असेल तर तिथे खोल जाण्याऐवजी जमिनीवरच वीतभर उंचीचा वाफा करावा, मातीत जाड वाळू आणि जुने कुजलेले शेणखत मिसळावे आणि खोली त्या वाफ्यात मोजावी. ताजे शेणखत कंदाजवळ मुळीच नको. त्यातल्या उष्णतेने आणि ओलीने कंद सडायला वेळ लागत नाही.

राहिला प्रश्न अवजारांचा. इथे बाजारात भूल पाडणाऱ्या वस्तू बऱ्याच आहेत.

आपल्या घरोघरी असते ते खुरपे तण काढायला केलेले आहे. त्याचे पाते वाकडे आणि पसरट, ते जमिनीला समांतर चालते. त्याने खड्डा खणायला गेले की बशी तयार होते, वर रुंद आणि मध्ये जेमतेम सात-आठ सेंटिमीटर. खणणाऱ्याला मात्र हात भरून माती निघालेली दिसते आणि वाटते, झाला की अर्धा फूट! उथळ लागवडीचे मूळ पुष्कळदा या खुरप्यात असते. खुरप्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्याचे काम वेगळे, इतकेच.

कंदासाठी हवे ते अरुंद, लांब आणि किंचित खोलगट पात्याचे हातअवजार. दुकानात ते ट्रॉवेल म्हणून मिळते. गवंड्याची थापी नव्हे, तिला खोलगटपणा नसतो. घेताना पाते आणि मूठ जिथे जुळतात ती मान पाहावी. पत्रा दाबून केलेली, रंगीत मुठीची स्वस्त ट्रॉवेल पहिल्याच खड्यावर मानेत वाकते, आणि एकदा वाकली की सरळ करून पुन्हा वाकते. एकसंध लोखंडाची किंवा जाड स्टेनलेस स्टीलची घ्यावी. दुकानातच टोक लाकडी फळीवर टेकवून थोडा भार देऊन पाहावा. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तरी चालेल. काही पात्यांवर सेंटिमीटरच्या खुणा कोरलेल्या असतात. नसतील तर पाच, दहा आणि पंधरा सेंटिमीटरवर नेलपॉलिशच्या रेघा ओढाव्यात. त्या एखाद्या मोसमात पुसट होतात. कायमची सोय हवी असेल तर कानशीने कडेला बारीक खाचा पाडून घ्याव्यात.

बल्ब प्लँटर नावाचे एक अवजार हल्ली मागवता येते. दोन्ही तोंडे उघडी असलेला, खाली निमुळता होत गेलेला पत्र्याचा डबा आणि वर मूठ, असे त्याचे रूप. जमिनीत फिरवत दाबला की मातीचा गोल ठोकळा आत येतो. कंद ठेवला की तोच ठोकळा वर बसवायचा. हिरवळीत अधूनमधून कंद पेरायचे असतील तर याच्यासारखे सोयीचे दुसरे नाही, कारण गवताची चकती अख्खी निघते आणि अख्खी बसते. पण मऊ, दमट, पोयट्याच्या मातीतच त्याची मिजास चालते. काळ्या मातीत ओल असली तर ठोकळा आतच चिकटून बसतो, ओल नसली तर डबा आत शिरत नाही. डोंगराळ भागातल्या खडेमिश्रित जमिनीत तर त्याची धार पहिल्याच दिवशी दुमडते. घ्यायचाच तर आदल्या दिवशी जागेला पाणी देऊन ठेवावे, आणि डब्याचे तोंड आपल्या कंदापेक्षा रुंद आहे ना हे मोजून पाहावे. डॅफोडिलचा जोडकंद त्यातून उतरत नाही आणि मग तो दाबून बसवण्याचा मोह होतो. गुडघे दुखणाऱ्यांनी उभ्याने पायाने दाबता येणारा, लांब दांड्याचा प्रकार पाहावा.

पहार किंवा टोकदार लाकडी खुंटी जमिनीत मारून भोक पाडण्याची पद्धतही आहे. काम झटपट होते, पण भोकाचा तळ निमुळता होतो. गोल बुडाचा कंद वरच अडकतो आणि खाली पोकळी राहते. मुळे त्या पोकळीत लोंबकळतात, वर दिलेले पाणी तिथेच साठते. पहारीला पर्याय नसेल तर भोकात आधी मूठभर जाड वाळू टाकून तळ सपाट करून घ्यावा. लहान गड्ड्यांना, क्रोकस वा फ्रीजियाला, खुंटी चालून जाते.

आणि कंद दहा नसून पन्नास असतील तर एकेक खड्डा करण्याचा खटाटोप करूच नये. कुदळ आणि फावडे घ्यावे, वाफ्यातली वरची पंधरा सेंटिमीटर माती काढून शेजारी गोणपाटावर रचावी, तळ सपाट करावा, सगळे कंद मांडावेत आणि माती परत लोटावी. दोन कंदांमध्ये दहा-बारा सेंटिमीटर अंतर पुरे. या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे सगळे कंद एकाच पातळीवर बसतात. उथळ बसलेला आधी फुलतो, खोल बसलेला मागाहून. खड्ड्याखड्ड्यात फरक पडला की शेजारचा सुकत असताना याची कळी वर येते. सगळी ओळ एकदम फुललेली पाहायची असेल तर सपाट तळाला पर्याय नाही.

मांडताना कंद नुसता टेकवावा. स्क्रूसारखा फिरवून दाबू नये. त्याच्या बुडाशी जी सपाट चकती असते तिच्यातूनच मुळे फुटतात आणि ती सोलवटली की कुजण्याला दार उघडते.

काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात राहणाऱ्यांना यापुढचे फारसे लागू नाही. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात कंद जमिनीत गेला की पुढचे काम थंडी करते. श्रीनगरात जबरवान डोंगराच्या पायथ्याशी, दल सरोवराजवळ २००७ साली उभारलेली सुमारे तीस हेक्टरांची ट्यूलिप बाग मार्चअखेर ते एप्रिल अशी जेमतेम महिनाभर फुलते, तेव्हा त्यामागे अख्ख्या हिवाळ्याची गोठवणारी थंडी असते. हिमाचलातल्या पालमपूरलाही २०२२ पासून अशी बाग आहे. काश्मिरात नर्गिसाला यंबरजल म्हणतात. भुंगा आणि यंबरजल यांची कथा घेऊन दीनानाथ नादिम यांनी १९५३ साली काश्मिरी संगीतिका लिहिली होती, इतके हे फूल तिथल्या माणसांच्या जिव्हाळ्याचे आहे.

मैदानी भागात आणि दख्खनच्या पठारावर तशी थंडी कुठून आणायची? ट्यूलिपला आतली कळी नीट लांबवण्यासाठी दहा-बारा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ गारवा लागतो. तो मिळाला नाही की कळी पानांच्या बेचक्यातच बसून राहते. म्हणून पुणे, नाशिक, भोपाळ, दिल्ली इथल्या हौशी मंडळींनी कंद आधी फ्रिजमध्ये ठेवायचे असतात. सप्टेंबरच्या अखेरीस भोके पाडलेल्या कागदी पिशवीत घालून खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावेत. बर्फाच्या कप्प्यात अजिबात नको. डिसेंबरच्या अखेरीस, थंडी ऐन भरात असताना, ते जमिनीत जावेत. विकणाऱ्याने कंद आधीच गार करून पाठवलेले असतील तर इतके थांबावे लागत नाही. तेव्हा पिशवी घेतानाच विचारून घ्यावे.

फ्रिजच्या या युक्तीला एक खोड आहे, आणि तिच्यापायी पैसे वाया गेल्याचे कळतही नाही. त्याच कप्प्यात सफरचंदे असतात. पिकणाऱ्या फळांतून इथिलिन नावाचा वायू सुटतो आणि तो कंदाच्या आतली कळी मारतो. बाहेरून कंद टणक, तजेलदार दिसतो, पाने येतात, फूल मात्र येत नाही. सफरचंद, केळी, टोमॅटो यांची सोय त्या तीन महिन्यांपुरती दुसरीकडे करावी लागते. एवढ्या मोठ्या घरात कंदांसाठी सफरचंदांना फ्रिजबाहेर काढायला कोण तयार होईल, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न.

दुसरी खबरदारी याहून गंभीर. पिशवीवर ठळक अक्षरांत ‘खायचे नाही’ असे लिहून ठेवावे. डॅफोडिल आणि नर्गिसाचा कंद दिसतो हुबेहूब कांद्यासारखा आणि तो विषारी आहे. त्यातल्या लायकोरीन नावाच्या द्रव्याने उलट्या-जुलाब होतात. घाईच्या सकाळी भाजीच्या कप्प्यात हात घालणाऱ्याला ते कसे कळणार? लहान मुले असलेल्या घरात पिशवी डब्यात घालून वरच्या फळीवरच ठेवावी. हायसिंथचे कंद हाताळून काहींच्या हाताला खाज सुटते, त्यांनी हातमोजे घालावेत.

एवढे करूनही पठारावरचा ट्यूलिप हा एका वसंताचाच पाहुणा असतो. फूल संपायच्या सुमारास ऊन तापते, पाने लवकर वाळतात आणि कंदात पुढच्या वर्षीचा साठा होत नाही. नवी दिल्लीत शांतिपथावर गेल्या काही वर्षांत जे ट्यूलिप लावले जातात त्यांचे कंदही हॉलंडहून मागवलेले असतात. दरवर्षी नवे कंद घेण्याची तयारी नसेल, तर गुच्छाने फुलणारे सुवासिक पांढरे नर्गिस लावावेत. त्यांना फ्रिज लागत नाही. ऑक्टोबरात बारा-पंधरा सेंटिमीटर खोल लावले की थंडी संपता संपता फुलतात. फ्रीजिया, रॅनन्क्युलस, अ‍ॅनिमोन हेही उत्तरेच्या मैदानात ऑक्टोबरात लावून फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलवता येतात.

आणि महाराष्ट्रातल्या अंगणांत वसंताचा खरा कंद आहे तो वेगळाच. जुन्या वाड्यांच्या कडेला मार्च-एप्रिलमध्ये जाड, पोकळ दांड्यावर कर्ण्यासारखी केशरी-लाल फुले येतात. दुकानात त्याला अ‍ॅमरिलिस म्हणतात, घरात नुसतेच लिली. वनस्पतिशास्त्रातले नाव हिपिअ‍ॅस्ट्रम. याच्या बाबतीत वरचा सगळा ठोकताळा उलटा होतो. तिप्पट खोल तर नाहीच, कंद पुरता मातीत जाताही कामा नये. मान आणि वरचा तिसरा हिस्सा, कुंडीत तर अगदी निम्मा कंदसुद्धा, मातीच्या वर उघडा हवा. नव्या उत्साहाने खोल पुरलेल्या लिलीच्या मानेत पाणी उतरते आणि ती तिथून कुजायला लागते. ज्यांच्याकडे पानेच पाने येतात त्यांनी या थंडीत मानेभोवतीची माती बोटांनी बाजूला करून पाहावी. ट्रॉवेल तिथे नको, कंद चिरतो.

कुंडीत लावणाऱ्यांना पंधरा सेंटिमीटरचा आग्रह धरता येत नाही, कारण कंदाच्या खालीही मुळांना जागा लागते. दहा इंची कुंडी घ्यावी, तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा, निम्म्याहून थोडी जास्त माती भरावी, कंद मांडावेत आणि शेंडे झाकतील इतकीच माती वर घालावी. कुंडीत कंद एकमेकांना न चिकटता पण दाटीने लावले तरी चालतात. ट्यूलिपच्या कंदाची एक बाजू चपटी असते. ती कुंडीच्या काठाकडे करावी, म्हणजे पहिले मोठे पान बाहेरच्या अंगाला झुकते आणि फुले मध्ये एकत्र येतात.

कंद विकत घेतानाही मापाचा उपयोग होतो. ट्यूलिपचे कंद परिघावर विकले जातात. शिवणाच्या डब्यातली टेप कंदाभोवती गुंडाळावी. बारा सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक घेर भरला तर फुलाची आशा धरायला हरकत नाही. हातात जड आणि टणक लागावा, बुडाशी दाबून मऊ लागू नये. वरचा पातळ पापुद्रा निघालेला असला तर बिघडत नाही. निळसर बुरशी दिसली तर मात्र घासाघीस न करता परत करावा.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी, आणि मग कोंब दिसेपर्यंत माती नुसती दमट राहील इतकेच. खारी आणि उंदीर उकरतात. त्यांच्यासाठी खुराड्याची जाळी वाफ्यावर आडवी टाकून कडेला विटा ठेवाव्यात आणि कोंब बोटभर वर आले की ती काढावी. नर्गिस आणि डॅफोडिलला ते तोंड लावत नाहीत. जिथे कंद लावला तिथे नावाची आणि तारखेची काडी रोवून ठेवावी, नाहीतर महिन्याने तिथेच कोथिंबिरीसाठी खुरपे चालते. फुले गळल्यावर बीचा बोंड तोडून टाकावा, पण पाने आपणहून पिवळी पडेपर्यंत कापू नयेत आणि नीटनेटके दिसावे म्हणून त्यांच्या गाठीही मारू नयेत. सहा आठवडे तरी ती तशीच लोळत राहतात.